चोरलच्या नाल्याकाठची लाल अळंबी: नावापर्यंत कसं पोचायचं

इंदूरहून खंडवा रोडने सिमरोल मागे टाकलं की काळ्या मातीचं पठार संपतं आणि चोरलच्या बाजूला विंध्याचा उतार लागतो. बेसाल्टचे दगड, त्यावर मुरमाचा पातळ थर, वर साग, धावडा, सालई, पळस आणि मधूनमधून बांबूची बेटं. उन्हाळ्यात हे रान पार कोरडं असतं. जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागतो, पण पहिल्या सरींनंतर लगेच अळंबी शोधायला जाण्यात अर्थ नसतो. जमीन आतपर्यंत भिजली आणि पालापाचोळा कुजायला लागला, की जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत खरा हंगाम. जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस उघडीप मिळाली तर उत्तम. मुसळधार चालू असताना टोपीवरचे खवले, पूड, रंग सगळं धुऊन जातं आणि ओळखीला लागणारा निम्मा पुरावा नाल्यात जातो.

इथे जिच्याबद्दल लिहितोय ती अळंबी ऑगस्टमधल्या अशाच उघडिपीत, नाल्याच्या उत्तरेकडे तोंड असलेल्या काठावर, शेवाळलेल्या दगडांमधल्या मातीत उगवलेली होती. रंग कुंकवासारखा लाल, कडेला नारिंगी. टोपी शंकूच्या आकाराची, वर बारीक टोक. एका हाताच्या जागेत तीन वयांच्या होत्या: एक अजून मिटलेली, एक 3 सेंटिमीटर रुंद उघडलेली, आणि एक म्हातारी, जवळजवळ काळी पडलेली. तीन वयांचे नमुने एकत्र मिळणं ही ओळखीच्या कामातली मोठी सोय. एकाच टोपीवरून नाव ठरवायला बसलं की बाल्य आणि म्हातारपणातले फरक जातीतले फरक वाटू लागतात.

फोनमधलं ॲप अशा वेळी दोन सेकंदांत नाव सांगतं. वापरायला हरकत नाही, पण त्याच्या पोटात भरलेले बहुतेक फोटो युरोप-अमेरिकेतले असतात, आणि फोटोत नसलेली गोष्ट त्याला दिसत नाही. टोपीखाली काय आहे, देठ आतून पोकळ आहे का, बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, रंग कोणता, हे वरून काढलेल्या फोटोत नसतंच. ॲपने सांगितलेली जात आम्ही सोडून देतो, फारतर तिचं कुळ (इथे अर्थ जीनस, जवळच्या जातींचं घराणं) कागदावर टिपून ठेवतो.

पहिला प्रश्न रंगाचा नाही, झाडाचा. लाल टोपी दिसली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या ठिपक्यांची परीकथेतली छत्री येते. ती ॲमॅनिटा मस्कॅरिया, आणि ती बर्च, पाइन अशा झाडांच्या मुळांशी जोडूनच जगते. ॲमॅनिटा आणि रसुला या दोन्ही कुळांतल्या बहुतेक बुरशा झाडाच्या बारीक मुळांवर बाहेरून आवरण चढवतात, झाडाला पाणी-खनिजं देतात आणि साखर घेतात. पाइन, ओक, साल या झाडांना अशी भागीदारी चालते. सागाची भागीदारी वेगळ्या बुरशांशी असते; त्या मुळांच्या पेशींत शिरतात आणि जमिनीवर छत्र्या उगवत नाहीत. म्हणून मंडला, डिंडोरी, अमरकंटककडच्या सालवनात लाल रसुला सहज मिळते, पण चोरलच्या सागाखाली लाल छत्री दिसली तर ती रसुला असण्याची शक्यता फारच कमी. एक अपवाद लक्षात ठेवायचा: नीलगिरीची लागवड. नीलगिरीलाही बाहेरून आवरण घालणाऱ्या बुरशा चालतात, त्यामुळे शंभर फुटांवर नीलगिरीची रांग असेल तर वरचं गणित बिघडतं. आमच्या जागी आसपास साग, बांबू आणि दगडांवरचं शेवाळ, एवढंच होतं. तसं वहीत लिहिलं.

हात लावण्याआधी परवानगीचं बघायचं. शहराच्या अगदी जवळचं रालामंडल हे अभयारण्य आहे; तिथून काहीही उचलायचं नाही, फक्त फोटो. राखीव जंगलातही वनविभागाला विचारल्याशिवाय नमुना घेत नाहीत. हा नमुना नाल्याला लागून असलेल्या शेताच्या बांधावरचा, मालकाला विचारून घेतलेला.

फोटो उपटण्याआधी काढायचे, आणि वरून एकच काढून भागत नाही. बाजूने, टोपीखालून, मुळाशी, आणि चार पावलं मागे सरून पूर्ण जागेचा. शेजारी पट्टी ठेवायची. नाणंही चालतं, पण नाण्यांचे आकार बदलत असतात, पट्टी बरी. लाल रंगाचा फोटो हा वेगळाच त्रास आहे. फोनचा कॅमेरा लाल रंग भडक करून टाकतो आणि टोपीवरच्या रेषा, ओलसर चमक सगळं एका लाल डागात विरघळतं. छत्री धरून सावली करावी, फ्लॅश बंद ठेवावा आणि फोटो एक पायरी अंधारा घ्यावा. शेजारी राखाडी किंवा पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवला तर घरी आल्यावर रंग ताडून पाहता येतो.

उपटताना टोपी धरून ओढायचं नाही. देठाच्या भोवती सुरी खोलवर घालून मातीचा गोळाच वर काढायचा. देठाच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण आहे का, हे समजण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि विषारी ॲमॅनिटांची ती मोठी खूण असते. देठ जमिनीलगत कापून आणलेला नमुना कितीही सुंदर असो, ओळखीच्या दृष्टीने लंगडाच. आमच्या अळंबीच्या बुडाशी पिशवी नव्हती, देठावर कडं नव्हतं, टोपीवर खवले नव्हते. देठ 6 सेंटिमीटर लांब, पिवळट नारिंगी, उभ्या रेषांचा, बुडाशी पांढरट. नखाने दाबला तर उभा चिरत गेला, आतून पोकळ.

टोपी उलटी केली. खाली कल्ले, म्हणजे गिल्स. ही पाहणी लाल रंगाच्या निम्म्या उमेदवारांना घरी पाठवते. याच रानात पडलेल्या लाकडांवर नारिंगी-लाल पंख्यासारखी पिक्नोपोरस सँग्विनियस सर्रास दिसते. तिच्या खाली कल्ले नसतात, टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतात, आणि ती चामड्यासारखी चिवट असून हिवाळ्यातही लाकडाला चिकटलेली सापडते. आमची मातीत उगवलेली, मऊ, कल्लेवाली. कल्ले फिकट पिवळे, जाडसर, एकमेकांपासून अंतर राखून, देठाला जेमतेम टेकलेले. बोटांच्या चिमटीत चोळले तर मेण चोळल्यासारखा बुळबुळीत स्पर्श. हा मेणचट स्पर्श हायग्रोसायबे कुळाकडे बोट दाखवतो. पण स्पर्श हा पुरावा लेचापेचा आहे. पावसात भिजलेल्या कुठल्याही अळंबीचे कल्ले मेणचट वाटू शकतात.

आता एक छोटी चाचणी, जी रानातच करावी लागते. उघडलेल्या टोपीच्या कडेला आणि देठाच्या मध्यावर नखाने ओरखडा काढला आणि वेळ टिपली. काही अळंब्या कापल्या की लगेच निळ्या पडतात, काही लाल, काही पिवळ्या. हिचा ओरखडा आधी करडा झाला आणि घरी पोचेपर्यंत कोळशासारखा काळा. शेजारी उगवलेली काळी म्हातारी ही वेगळी जात नसून हिचीच पुढची अवस्था, हे तिथे पक्कं झालं. हे काळं पडणं सावकाश होतं, म्हणून ओरखडा काढून दोन मिनिटांत "रंग बदलत नाही" असं लिहून मोकळं होणाऱ्यांची फसगत होते. तासभर थांबायचं, पुन्हा बघायचं.

प्लॅस्टिकची पिशवी या कामाची शत्रू. ओल आत कोंडते, अळंबी घामेजते, दोन तासांत चिखल होतो. काळी पडणारी अळंबी प्लॅस्टिकमधून आणली तर घरी सगळंच काळं मिळतं, आणि काळेपणा ओरखड्याचा, म्हातारपणाचा की कुजण्याचा, हे सांगता येत नाही. बटर पेपरच्या पुड्या कराव्यात. छोट्या नमुन्यांसाठी घरातला सात वाट्यांचा मसाल्याचा डबा नामी. एका वाटीत एक नमुना, खाली ओलसर शेवाळाची चिमूट, आणि पेन्सिलने आकडा लिहिलेली चिठ्ठी. पेन नको, शाई पसरते. मसाल्याचा वास लागलेला डबा मात्र टाळा, कारण अळंबीचा वास ही नोंदीतली एक बाब आहे. हिचा वास काही सांगण्यासारखा नव्हता, तेही लिहायचं.

घरी आल्यावर पहिलं काम बीजाणूंचा ठसा, म्हणजे कल्ल्यांतून गळणारे बीजाणू खाली साचू देणं. बाकी सगळं दुसऱ्या दिवशीही होतं, ठसा नाही. देठ टोपीलगत कापून टोपी कल्ले खाली करून ठेवायची आणि वर वाटी झाकायची, इतकं सोपं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात त्यात बरंच बिनसतं. पांढऱ्या कागदावर पांढरे बीजाणू दिसत नाहीत, म्हणून काचेची पट्टी घ्यायची. सूक्ष्मदर्शकाची स्लाइड चालते, फोटोफ्रेमची काचही. काचेवरचा ठसा काळ्या कागदावर धरा, पांढऱ्यावर धरा, शेवटी ब्लेडने खरवडून ढीग करा आणि खरा रंग त्या ढिगाचा मानायचा, कारण पातळ थरात फिकट गुलाबी आणि पांढरा यांत फरक कळत नाही.

आमच्यासारख्या शंकूच्या आकाराच्या टोपीत आणखी एक अडचण: ती काचेवर टेकते ती फक्त कडेने, कल्ले वर अधांतरी राहतात. बीजाणू हलके असतात, पंख्याची झुळूकही त्यांना कुठेही नेते, आणि सकाळी काचेवर एक अंधूक वर्तुळ मिळतं किंवा काहीच नाही. टोपी उभी चिरून दोन फाकी केल्या आणि एक फाक आडवी ठेवली, कल्ल्यांचा चपटा भाग काचेला लागेल अशी. टोपी फार ओली असेल तर टिपकागदाने वरून टिपायची, नाहीतर पाण्याचं थारोळं होऊन ठसा पसरतो. फार सुकी असेल तर उलट वर पाण्याचा एक थेंब. पंखा बंद, एसी बंद. पावसाळ्यात अळंबीत बारीक अळ्या आणि उड्या मारणारे किडे असतातच, रात्री ते ठशावरून फिरतात आणि रांगोळी पुसून टाकतात. म्हणून दोन टोप्यांचे ठसे घ्यायचे. मिटलेली कोवळी टोपी बीजाणू टाकत नाही, काळी म्हातारी टाकून झालेली असते. मधली घ्यायची. चार-पाच तासांत बघायला लागावं, रात्रभर ठेवलं तर दाट ठसा मिळतो.

ठसा निघाला तो पांढरा. यानेही बरेच प्रश्न सुटले. लाल-नारिंगी टोकदार टोपीचं दुसरं मोठं घर म्हणजे एन्टोलोमा, आणि त्यातली एन्टोलोमा क्वाड्रॅटम वरून पाहिली तर हुबेहूब अशीच वाटू शकते. कोवळेपणी तिचेही कल्ले फिके असतात, पण ठसा गुलाबी येतो. शहरातल्या हिरवळीवर, क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला पावसाळ्यात जी मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री उगवते, ती क्लोरोफिलम मॉलिब्डाइट्स. तिचा ठसा हिरवट. ती खाऊन दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब होऊन लोक दवाखान्यात जातात, आणि एका रात्रीचा ठसा हे टाळू शकला असता. रंगाचा ठशाशी काही संबंध नाही, हे या दोन उदाहरणांत दिसतं: लाल टोपीचा ठसा पांढरा, पांढऱ्या टोपीचा हिरवा.

पांढऱ्या ठशाचे लाल उमेदवार उरले थोडे. पालापाचोळ्यावर उगवणारी मरास्मियस हीमॅटोसेफॅलस ही सुंदर गडद लाल-जांभळट. पण तिचा देठ तारेइतका बारीक, काळपट आणि चिवट, टोपी जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची, आणि सुकलेली अळंबी पाण्यात टाकली की पुन्हा ताठ होते. आमची जाड देठाची, सुकली की गेली. कुंड्यांमध्ये उगवणारी पिवळीधमक ल्यूकोकॉप्रिनस बर्नबॉमाय तर घरोघरी माहीत. तिला कडं असतं, टोपीवर पूड असते. तीही बाद. मातीत उगम, शंकूची टोपी, जाडसर मेणचट कल्ले, उभा चिरणारा देठ, पांढरा ठसा, जखमेला काळेपणा: हे सगळं एकत्र हायग्रोसायबे कॉनिकाकडे नेतं. जखमेने काळं पडणं ही या गटाची सगळ्यांत बोलकी खूण.

इथे थांबणाऱ्यांना आम्ही दोष देणार नाही, पण सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर पुढचं काम तासाभराचं. विद्यार्थी वापरतात तो साधा चालतो, फक्त 100 पट तेलाची भिंग-नळी, म्हणजे ऑइल इमर्शन हवं. दहा पट नेत्रिकेसह (डोळ्याकडच्या भिंगासह) ते 1000 पट होतं. बीजाणू ठशातून घ्यायचे, कल्ल्यातून नाही. कल्ल्यावर अर्धकच्चे बीजाणू असतात आणि सरासरी खाली ओढतात. नेत्रिकेतल्या मोजपट्टीचा एक भाग किती मायक्रोमीटर, हे आधी स्टेज मायक्रोमीटरने (माहीत अंतरावर रेषा कोरलेल्या स्लाइडने) ठरवून घ्यायचं. न ठरवता मोजलेले आकडे निरुपयोगी. निदान 20 बीजाणू मोजायचे, लांबी आणि रुंदी दोन्ही, आणि सगळ्यांत मोठा शोधत बसायचं नाही, समोर येईल तो घ्यायचा. कॉनिकाचे बीजाणू गुळगुळीत, लंबगोल, साधारण 8 ते 11 मायक्रोमीटर लांब आणि 5 ते 7 रुंद. आमचे यातच बसले. आयोडीनच्या द्रावणात निळे-काळे झाले नाहीत, तेही जुळतं. रसुलाच्या बीजाणूंवरचे काटे-रेषा आयोडीनने काळ्या पडतात. एन्टोलोमा असती तर बीजाणू कोनाचे दिसले असते, आणि क्वाड्रॅटमचे तर चक्क फाशासारखे चौकोनी.

मग कल्ल्याचा पातळ काप. नवीन ब्लेडने, कल्ल्याला आडवा, जमेल तितका पातळ. पहिले काप जाडच होतात, टाकून द्यायचे. बीजाणू जिच्या टोकावर धरतात ती दंडगोल पेशी या मेणचट कुळात लांबलचक असते, बीजाणूच्या लांबीच्या पाचपट किंवा जास्त. तिच्या टोकाला बीजाणू धरणारे चार काटे आहेत की दोन, हेही मोजायचं, कारण कॉनिकाचे दोन काट्यांचेही प्रकार आहेत आणि त्यांचे बीजाणू थोडे मोठे असतात. ही मोजणी न करता नुसता बीजाणूंचा आकार पुस्तकाशी जुळवला तर नसलेली नवी जात सापडल्याचा भास होतो.

लाल रंगाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हायग्रोसायबेचे लाल-पिवळे रंग बीटालेन गटातले, म्हणजे बीटरूटच्या रंगाच्या कुटुंबातले. ते पाण्यात विरघळतात. म्हणून पावसात दोन दिवस भिजलेली हीच अळंबी फिकट नारिंगी, नाहीतर पिवळीही दिसते, आणि रंगावरून चाललेल्याला ती तिसरीच जात वाटते. पुस्तकातल्या रंगीत चित्राशी टोपी जुळवणं हा यामुळे सगळ्यांत वाईट मार्ग. रंग लिहायचा जरूर, पण कोवळी, उघडलेली आणि म्हातारी असा तिन्हींचा वेगळा.

नाव मग लिहिलं ते "हायग्रोसायबे, कॉनिका गट" असं. जर्मन अभ्यासक शेफर यांनी 1774 मध्ये ही जात युरोपातल्या नमुन्यावरून वर्णन केली आणि कुमर यांनी 1871 मध्ये तिला हायग्रोसायबे कुळात आणलं. त्या एका नावाखाली जगभर ज्या काळ्या पडणाऱ्या लाल टोप्या मोजल्या गेल्या, त्या डीएनएने तपासल्यावर अनेक जातींचा गठ्ठा निघतो. बुरशांच्या ओळखीसाठी आयटीएस नावाचा डीएनएचा तुकडा 2012 मध्ये प्रमाण म्हणून सुचवला गेला. तो वाचून घेतल्याशिवाय विंध्यातल्या टोपीला युरोपातल्या टोपीचं नेमकं नाव चिकटवणं हे धाडस आहे. ठसा, मोजमाप, फोटो हे सगळं गटापर्यंत खात्रीने आणतं, आणि गट हे पुरेसं प्रामाणिक उत्तर आहे.

"मग खाता येते का?" हा प्रश्न आलाच. नाही. ओळखीची ही पद्धत नाव लावण्यासाठी आहे, ताटात वाढण्यासाठी नाही. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, लसूण निळा झाला तर विषारी, किड्यांनी खाल्ली तर चांगली, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. मृत्यूला कारण होणाऱ्या ॲमॅनिटातलं विष नाणं काळं करत नाही, शिजवून जात नाही, चवीला कळत नाही, आणि त्याची लक्षणं सहसा खाल्ल्यानंतर 6 तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतात. मधे एक दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत बिघडलेलं असतं. कुणी खाल्लीच असेल तर उलटी थांबली म्हणून घरी बसायचं नाही. दवाखान्यात जाताना उरलेली अळंबी, स्वयंपाकाच्या पातेल्यातले तुकडे, साफ करताना काढलेले देठ कागदात गुंडाळून बरोबर न्यायचे.

नमुना सांभाळायचा तर सुकवण्यात हयगय नको. इंदूरच्या ऑगस्टमध्ये उघड्यावर ठेवलेली अळंबी सुकत नाही, बुरसटते, बुरशीवर बुरशी. फळं सुकवायचं यंत्र 40 ते 45 अंशांवर चालवून रात्रभर ठेवलं की होतं. ते नसेल तर दोन उभ्या फाकी करून जाळीवर, खाली छोटा बल्ब. ओव्हन नको, त्यात ती शिजते आणि डीएनए खराब होतो. बोटांत धरल्यावर वाकली तर अजून ओली आहे, कट्कन मोडली पाहिजे. सुकल्यावर ही सबंध काळी होते, लाल रंगाचा मागमूसही उरत नाही, म्हणून रंगाची नोंद आणि फोटो आधी झालेले असलेच पाहिजेत. झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायची, म्हणजे कीड मरते. चिठ्ठीवर तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, उंची, आसपासची झाडं, कशावर उगवली, ठशाचा रंग, ओरखडा काळा पडायला लागलेला वेळ, आणि फोटोंचे क्रमांक. ठशाची काच वेगळ्या कागदात गुंडाळून त्याच आकड्याने त्याच पिशवीत.